अर्ध्या हर्ट्झचा फरक

भिंतभर रचलेली यंत्रं, त्यांतून लोंबणाऱ्या रंगीबेरंगी केबल्स, लुकलुकणारे दिवे आणि त्यांच्यासमोर पाठमोरा बसलेला एकटा माणूस. अँबियंट म्हणजे वातावरणनिर्मिती करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे व्हिडिओ हल्ली असेच दिसतात. ते पाहून दोन समज पक्के होतात. पहिला, घरी असं संगीत करायचं तर एवढा सगळा पसारा लागतोच. दुसरा, यंत्र आपोआप वाजत असतं आणि माणूस नुसता नॉब फिरवल्यासारखं करतो. पहिला समज साफ चुकीचा. दुसऱ्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते तथ्य मला इतकं आवडतं की त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

सुरुवातीला लागतात दोन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि एक रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारं यंत्र. पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच साध्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये एकाच डब्यात असतात. त्यातही खरी गंमत दोन ऑसिलेटरमध्ये आहे, आणि नेमकी तीच गोष्ट बहुतेक जण मिनिटभरात उरकून केबल्सकडे वळतात.

ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वेगाने वरखाली होणारा विद्युतदाब. करवती तरंगात हा दाब सावकाश चढतो आणि झटकन खाली पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. असं सेकंदाला ११० वेळा झालं की ११० हर्ट्झचा खर्जातला स्वर ऐकू येतो. पण तो एकटा नसतो. करवती तरंगात ११०च्या सगळ्या पटी भरलेल्या असतात: २२०, ३३०, ४४०, ५५० आणि पुढे कितीतरी. दुसरी पट पहिलीच्या निम्मी, तिसरी एक तृतीयांश, दहावी एक दशांश, अशा त्या उतरत जातात. यांना हार्मोनिक म्हणतात, आपण उपस्वर म्हणू. नुसता करवती तरंग ऐकलात तर मधमाशी डब्यात कोंडल्यासारखा वाटेल. स्थिर, कर्कश आणि कंटाळवाणा.

आता दुसरा ऑसिलेटर सुरू करा, त्याच स्वरावर, आणि बारीक ट्यूनिंगचा नॉब केसभर फिरवून तो ११०.५ हर्ट्झवर न्या. मिक्सरवर दोघांचे आवाज सारखे ठेवा. फरक इतका कमी की दोन वेगळे स्वर म्हणून कान ते ओळखूच शकत नाही. पण आवाज डोलू लागतो.

शाळेत दोन नादकाट्यांवर ‘विस्पंद’ शिकवतात ते हेच. दोन लहरी एकत्र चढत असतील तर बेरीज होते, एक चढताना दुसरी उतरत असेल तर वजाबाकी. अर्ध्या हर्ट्झचा फरक म्हणजे दर दोन सेकंदांनी त्या पुन्हा जुळतात, आणि बरोबर मध्यावर, एका सेकंदानंतर, एकमेकींना खोडून काढतात. तंबोरा लावणारा जोडीच्या तारा जुळवताना हेच डोलणं कानाने शोधतो आणि ते थांबेपर्यंत खुंटी फिरवतो. सिंथवाला नेमका उलटा: डोलणं हवं तेवढं सावकाश झालं की हात काढून घेतो.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. पुढचं पुस्तकात नसतं, कारण नादकाट्याचा स्वर जवळपास शुद्ध असतो आणि आपला करवती तरंग उपस्वरांनी गच्च भरलेला आहे. पहिल्या ऑसिलेटरचा दुसरा उपस्वर २२० हर्ट्झचा, दुसऱ्याचा २२१चा. फरक एक हर्ट्झ. पाचव्या उपस्वरांत फरक अडीच हर्ट्झ, दहाव्यांत पाच. म्हणजे मूळ स्वर दोन सेकंदांत एकदा डोलतो, दुसरा उपस्वर सेकंदाला एकदा, दहावा सेकंदाला पाचदा. वीस उपस्वर ऐकू येत असतील तर वीस वेगवेगळ्या गतींनी काहीतरी फुलतंय आणि मिटतंय, आणि हे सगळं एकच कळ दाबून.

फरक आणखी कमी करा, ०.०५ हर्ट्झ. आता एक आवर्तन वीस सेकंदांचं झालं आणि आत काय चाललंय ते कान लावून ऐकता येतं. दोन्ही लहरी जुळल्या त्या क्षणापासून मोजू. चौथ्या सेकंदाला पाचवा उपस्वर ठळक होतो, म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. पाचव्या सेकंदाला चौथा, म्हणजे दोन सप्तकं वरचा षड्ज. पावणेसात सेकंदांच्या सुमारास तिसरा, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. आणि दहाव्या सेकंदाला सगळ्यात सुंदर घटना घडते. त्या क्षणी पहिला, तिसरा, पाचवा असे सगळे विषम उपस्वर एकमेकांना पूर्ण खोडतात आणि फक्त सम उरतात. २२०, ४४०, ६६०... म्हणजे २२० हर्ट्झचा करवती तरंगच! खर्ज गायब होतो आणि स्वर एक सप्तक वर उडी मारतो, कुणी कळ न बदलता. पुढची दहा सेकंदं तीच वाट उलट्या दिशेने: पंचम, षड्ज, गंधार, आणि पुन्हा खर्ज भरून येतो. ‘यंत्र आपोआप वाजतं’ या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. सुरावट आहे, पण ती कुणी वाजवलेली नाही. दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या फरकातून ती आली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी माहीत नसल्यामुळे अनेकांचे स्वर बेचैन वाटतात. सिंथवरचा डीट्यून नॉब, म्हणजे तोच बारीक ट्यूनिंगचा नॉब, हर्ट्झमध्ये मोजत नाही, सेंटमध्ये मोजतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट. ११० हर्ट्झवर अर्ध्या हर्ट्झचा फरक म्हणजे साधारण ८ सेंट. तोच ८ सेंटचा फरक ठेवून दोन सप्तकं वर, ४४०वर गेलात तर फरक दोन हर्ट्झ होतो आणि डोलणं चौपट वेगाने. खाली जे शांत वाटत होतं ते वर थरथरू लागतं. म्हणून वरच्या स्वरांसाठी डीट्यून कमी करायचा.

आता फिल्टर. याच्यावर लोक पोवाडे गातात, मी थोडक्यात सांगतो. लो-पास फिल्टर ठरावीक वारंवारतेच्या वरचं कापतो. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध शिडीवजा फिल्टरला १९६९ साली पेटंट मिळालं आणि १९७०च्या मिनीमूग या सिंथमध्ये तोच बसला. त्याचा उतार सप्तकाला २४ डेसिबल, म्हणजे कापण्याच्या जागेपासून एक सप्तक वरचा उपस्वर जवळपास सोळाव्या हिश्शावर येतो. आपल्या कामासाठी त्याचा उपयोग असा की वर सांगितलेले वीस झुले एकदम ऐकू आले तर गोंगाट होतो. फिल्टर ४००-५०० हर्ट्झवर आणला की चार-पाचच उरतात. मग एका एलएफओने, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मंद ऑसिलेटरने, तीस-चाळीस सेकंदांत एक फेरी होईल अशा गतीने, फिल्टर उघडझाप करू द्यायचा. रेझोनन्स, म्हणजे कापण्याच्या जागेजवळचा आवाज ठळक करणारा नॉब, थोडा वाढवला की फिल्टर ज्या उपस्वरावरून सरकतो तो उठून दिसतो. रेझोनन्स फार वाढवलात तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो. तेव्हा आवाज आधी कमी करून ठेवावा, कान आपलेच असतात.

तिसरा ऑसिलेटर जोडला तर? समजा तो पहिल्यापेक्षा ०.७ हर्ट्झ वर आहे आणि दुसरा ०.५ वर. आता तीन जोड्या झाल्या आणि तीन फरक: ०.५, ०.७ आणि ०.२. हा सगळा प्रकार जसाच्या तसा परत यायला दहा सेकंद लागतात. फरक ०.५१ आणि ०.७३ केलेत तर शंभर सेकंद! आणि दोन्ही फरकांचं गुणोत्तर अपरिमेय असेल तर कधीच नाही.

खऱ्या यंत्रात ते कधीच परत येत नाही, त्यामागे मात्र गणितापेक्षा ट्रान्झिस्टर आहे. हा भाग जरा चढणीचा आहे. अ‍ॅनालॉग सिंथमध्ये प्रचलित रीत अशी की दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो, म्हणजे वारंवारता दुप्पट. बेरजेचं गुणाकारात रूपांतर करणारं हे काम ट्रान्झिस्टर फुकटात करतो, कारण त्याच्या बेस आणि एमिटरमधला दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की त्यातला प्रवाह दुप्पट होतो. हे १८ मिलिव्होल्ट मात्र निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात. खोलीचं तापमान साधारण ३०० केल्व्हिन, म्हणून एक अंश वाढला की यात ३००मध्ये १ भाग, म्हणजे सुमारे ०.३३ टक्के फरक. किरकोळ वाटतो ना? ज्या स्वरावर यंत्र जुळवलंय त्याच्या दोन सप्तकं वर वाजवलंत तर २४०० सेंटचे ०.३३ टक्के, म्हणजे ८ सेंट. एका अंशाला! यंत्र तापलं की तो स्वर उतरतो. हाच ट्रान्झिस्टर आणखी एका कारणाने तापमानाला भुलतो. त्यावर उपाय म्हणून त्याला जुळा शोधून शेजारी चिकटवतात, म्हणजे दोघांचा तो दोष परस्पर कटतो. आणि ०.३३ टक्क्यांवर उपाय म्हणून तापमानाबरोबर तेवढाच बदलणारा खास रोधक घालतात. तरी थोडं उरतंच, आणि प्रत्येक ऑसिलेटरचं वेगळं उरतं. तुमचा ०.५ हर्ट्झचा फरक दहा मिनिटांनी ०.४ होतो, मग ०.६. डोलण्याची गती स्वतःच डोलू लागते.

अ‍ॅनालॉगच्या ‘आत्म्या’बद्दल जे काही बोललं जातं त्याचा मोठा हिस्सा माझ्या मते एवढाच आहे. त्यात गूढ काही नाही. १९८२च्या रोलँड जुनो-६० या सिंथचंच बघा. तिच्यात प्रत्येक आवाजाला, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या प्रत्येक स्वराला, एकच ऑसिलेटर आणि त्याचा ठेका डिजिटल घड्याळाने बांधलेला, म्हणजे स्वर ढळायची सोय नाही आणि डोलायला जोडीदारही नाही. तरी तिचे लांबलेले स्वर भारदस्त वाटतात ते तिच्या कोरसमुळे. कोरसमध्ये आवाजाची एक प्रत थोडी उशिरा सोडतात आणि तो उशीर सतत कमीजास्त करतात. उशीर कमी होत असताना प्रतीचा स्वर किंचित चढतो, वाढत असताना उतरतो. म्हणजे पुन्हा तेच, जवळजवळ सारखे दोन आवाज, फक्त मागच्या दाराने आणलेले.

या संगीताभोवती ‘४३२ हर्ट्झ’चं एक खूळ फिरतं, त्याचाही समाचार घेतो. ‘ए’ हा आधारस्वर ४४०ऐवजी ४३२ धरून सगळी वाद्यं लावली की मन शांत होतं, पेशी दुरुस्त होतात, विश्वाशी नातं जुळतं वगैरे. ४४० हा काही कट नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५५ साली ठरवलेला तो सोयीचा आकडा आहे, आणि त्याआधी १८५९मध्ये फ्रान्सने ४३५ ठरवला होता. पण मुख्य मुद्दा असा की हर्ट्झ म्हणजे ‘दर सेकंदाला’. सेकंद माणसाने ठरवला, दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद करून. दिवसाचे एक लाख भाग केले असते तर त्याच ४३२च्या स्वराचा आकडा ३७३ आला असता, आणि मग पेशींनी काय करायचं होतं? स्वर ३२ सेंट खाली आणायचा तर खुशाल आणा, आवडला तर वाजवा. औषध म्हणून मात्र विकू नका.

रिव्हर्बकडे येऊ. घरातली खोली लहान, पडदे-गाद्यांनी भरलेली, तिथे आवाज लगेच विरतो. मोठ्या दगडी घुमटाचा भास यंत्राने करायचा तर प्रतिध्वनी वेगळे ऐकू येणार नाहीत इतके दाट हवेत. बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याची पद्धत मांडली आणि सेकंदाला हजारेक प्रतिध्वनी पुरेत असा अंदाज दिला. त्यांच्या रचनेत साधारण ३० ते ४५ मिलिसेकंद उशिराच्या, आवाजाला पुन्हा पुन्हा वळसे घालायला लावणाऱ्या चार वाटा असतात, प्रत्येक वळशाला आवाज किंचित क्षीण. आता उशीर ३० आणि ४५ ठेवलेत तर दोन्ही वाटांवरचे प्रतिध्वनी दर ९० मिलिसेकंदांनी एकावर एक पडतात आणि पत्र्याच्या पिंपात बोलल्यासारखं ऐकू येतं. २९ आणि ४३ ठेवा. दोन्ही मूळ संख्या, पुन्हा भेटतात थेट १२४७ मिलिसेकंदांनी, तोवर आवाज पसरून गेलेला असतो. ३५ मिलिसेकंदांच्या वाटेने आठ सेकंदांची आस हवी असेल तर प्रत्येक वळशाला फक्त ३ टक्के कापायचं. हे ३ टक्के म्हणजेच तुमच्या रिव्हर्बवरचा ‘डिके’ नावाचा नॉब.

एक सावधगिरी. दोन ऑसिलेटरपैकी एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवून हेडफोन लावलात तर वर वर्णन केलेली गंधार-पंचमाची वाट जवळजवळ नाहीशी होते, कारण दोन लहरी हवेत किंवा तारेत भेटतच नाहीत. आवाज रुंद होतो, पण खर्ज सप्तक चढून वर जात नाही. त्या आधी एकत्र मिसळू द्या, रुंदी रिव्हर्बमधून येऊ द्या.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी यंत्र अर्धा तास तरी चालू ठेवा, म्हणजे सुरुवातीचा मोठा उतार संपतो आणि फक्त बारीक भटकणं उरतं. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये पाच आवाज आणि प्रत्येकाचे दोन असे दहा ऑसिलेटर होते, आणि ते ढळले की जागेवर आणायला ‘ट्यून’ नावाचं एक बटण. तसं बटण तुमच्या सिंथवर असेल तर ते सुरुवातीला एकदा दाबा, मग डीट्यून लावा, आणि तुकडा संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.