मुदत वाढली, वाट बंदच: महासाथीतल्या व्हिसा सवलती आणि कोकणातली सुट्टीवरची माणसं

बाणकोटच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, मंडणगड-दापोलीपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत, आखातात नोकरीला असलेल्या माणसाच्या घरात दोन तारखा सगळ्यांना पाठ असतात. अकामा, म्हणजे निवास परवाना, कधी संपतो ही एक आणि सुट्टी कधी संपते ही दुसरी. मार्च 2020 मध्ये या दोन्ही तारखा निरर्थक झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं निरनिराळी सरकारं त्या पुढे ढकलत राहिली. त्या सवलतींची यादी तेव्हा बातम्यांतून येतच होती. पण त्यांतली एखादी सवलत एकाला का पावली आणि त्याच्या शेजाऱ्याला का नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

'इतके दिवस बाहेर राहिलात तर परतायचा हक्क गेला' हा नियम कोकणाला नवा नाही. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतली, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जात होती. तिथल्या 1906 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गावी यायचं असेल तर निघण्याआधी फोटो आणि अंगठ्याच्या ठशासह परमिट काढावं लागे आणि ठरलेल्या मुदतीत परतावं लागे. मुदत चुकली की तिथे वर्षानुवर्षं दुकान चालवलेला माणूसही परका ठरायचा. बोट चुकली, घरात आजारपण निघालं, लग्न लांबलं, काहीही कारण असो. आखातातला सहा महिन्यांचा नियम याच जातीचा. संयुक्त अरब अमिरातीचा रहिवासी व्हिसा असलेला माणूस सलग 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिला की व्हिसा रद्द. सौदीत तर एक्झिट-रीएंट्रीची, म्हणजे सुट्टीवर जाऊन परत यायच्या व्हिसाची, मुदत संपेपर्यंत कामगार परतला नाही, की 'गेला आणि आला नाही' अशी नोंद होते. मग 2024 च्या सुरुवातीपर्यंत तीन वर्षं दुसऱ्या कफीलाकडे, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या मालकाकडे, जाता येत नसे. जुन्याच कफीलाने नवा व्हिसा काढला तरच दार उघडायचं.

आखाती सरकारांना सवलत देण्याची सवयच नव्हती, असं मात्र नाही. पण ती सवय एकाच दिशेची होती. अमिरातीने 1996, 2003, 2007, 2012-13 आणि 2018 मध्ये माफी जाहीर केली. सौदीने 2013 मध्ये, निताकतच्या, म्हणजे नोकऱ्यांत सौदी नागरिकांचा वाटा वाढवण्याच्या योजनेच्या, धामधुमीत, आधी जुलैपर्यंत आणि मग 3 नोव्हेंबरपर्यंत मुभा दिली. त्या वेळी लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आले. या सगळ्या माफ्या होत्या देशात मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांसाठी: दंड माफ, तुरुंग नाही, कागद दुरुस्त करा नाहीतर निघून जा. मुदतीत परतायची इच्छा आहे, तिकीट आहे, नोकरी आहे, पण विमानच नाही, अशा माणसाचं काय करायचं हे कुठल्याच माफीत लिहिलेलं नव्हतं. 2020 मध्ये नेमका हाच माणूस हजारोंच्या संख्येने उभा राहिला.

सुरुवात झटपट झाली. सौदीने 12 मार्च 2020 ला भारतासह अनेक देशांशी प्रवास थांबवला आणि अकामाधारकांना परतायला 72 तास दिले. दापोलीहून मुंबई गाठायची, तिकीट मिळवायचं आणि विमानात बसायचं, हे सगळं तीन दिवसांत. ज्यांचं गाव विमानतळापासून तासाभरावर आहे त्यांना तरी जमलं असेल. 19 मार्चपासून अमिरातीने बाहेर असलेल्या आपल्या रहिवाशांनाही प्रवेश थांबवला. 22 मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली, तीही आधी आठवड्याभरासाठी. ती नियमित सुरू झाली 27 मार्च 2022 ला.

पहिल्या सवलती उदार होत्या. अमिरातीने 1 मार्च 2020 नंतर संपणारे रहिवासी व्हिसा आणि ओळखपत्रं, ज्याला आपली माणसं बताका म्हणतात, वर्षाअखेरपर्यंत वैध मानायचं ठरवलं. पण जुलैमध्येच हा निर्णय मागे घेतला. आत असलेल्यांना नूतनीकरणासाठी तीन महिने मिळाले. बाहेर असलेल्यांना परतण्याआधी ऑनलाइन परवानगी बंधनकारक झाली. ओळखपत्राचा नंबर टाकायचा आणि पडद्यावर हिरवं येतं की लाल ते पाहायचं. कुवेतने निवास परवाने तीन-तीन महिन्यांनी वाढवत नोव्हेंबर 2020 अखेरपर्यंत नेले आणि सहा महिन्यांची अटही शिथिल केली. मात्र 1 ऑगस्ट 2020 पासून भारतातून थेट येण्यावर बंदी घातली. म्हणजे परवाना शाबूत, वाट बंद.

याचा सगळ्यात लांबलेला नमुना सौदीचा. तिथे अकामा आणि एक्झिट-रीएंट्री दोन्हींची मुदत राजाच्या आदेशाने फुकट आणि आपोआप वाढत गेली. अर्ज नाही, फी नाही. सोय म्हणून पाहिलं तर याहून चांगली व्यवस्था दुसऱ्या कुठल्या देशाने केली असेल असं मला वाटत नाही. 2021 मध्ये ती जूनच्या सुरुवातीपर्यंत, मग जुलैअखेर, ऑगस्टअखेर, सप्टेंबरअखेर, नोव्हेंबरअखेर अशी सरकत पुढच्या वर्षात गेली. पण 3 फेब्रुवारी 2021 ला सौदीने भारतासह वीस देशांतून येणाऱ्यांना मज्जाव केला होता. भारतातून सरसकट थेट प्रवेश मिळाला 1 डिसेंबर 2021 ला. जानेवारीत सुट्टीवर आलेला माणूस दहा महिने मोबाईलवर वाढलेली तारीख बघत घरी बसला.

मधला मार्ग तिसऱ्या देशातून होता: बंदी नसलेल्या देशात चौदा दिवस काढायचे आणि तिथून सौदी गाठायची. आधी ही सोय दुबईतून होती. फेब्रुवारीच्या यादीत अमिरातीचंही नाव आलं आणि चौदापैकी दहा-बारा दिवस काढलेली माणसं तिथेच अडकली. मग एजंट लोकांनी नेपाळचं पॅकेज काढलं. एप्रिलच्या अखेरीला नेपाळने परदेशात जाण्यासाठी येणाऱ्या भारतीयांना थांबवलं. मालदीवचा मार्ग मे महिन्यात बंद झाला. प्रत्येक वेळी पैसे आधी भरलेले. सवलत सरकारने फुकट दिली होती, पण ती वापरायची तर खर्च खाजगी होता आणि तो कर्ज काढून किंवा दागिने गहाण टाकूनच होण्यासारखा. शिवाय अकामा वाढला म्हणजे नोकरी वाढली असं नाही. बहुतेकांना त्या महिन्यांचा पगार नव्हता, आणि कफीलाने दुसरा माणूस ठेवला तर वाढवलेल्या तारखेला काही अर्थ उरत नव्हता. कागद राज्याचा, काम मालकाचं. राज्याची सवलत मालकाला बांधून घेत नव्हती. सवलतींच्या बातम्यांत ही गोष्ट क्वचितच आली.

याच काळात कोकणात दुसरं काय चाललं होतं तेही लक्षात ठेवायला हवं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगडची घरं आणि नारळ-सुपारीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, जुलैमध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. ज्या घरांचं पत्र्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं आखातातल्या पैशावर चालतं, त्यांच्याकडे पैसा नेमका तेव्हाच थांबलेला. 2020 च्या गणपतीला मुंबईहून गावी यायलाही ई-पास आणि विलगीकरण होतं, तेव्हा परवानगीचा कागद म्हणजे काय हे चाकरमान्यांनाही कळलं.

लशीने दार उघडलं, पण तेही अर्धवटच. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा किमान 84 दिवसांचं अंतर होतं. 7 जून 2021 ला केंद्राने परदेशी नोकरी, शिक्षण आणि ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना 28 दिवसांनी दुसरा डोस आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक अशी मुभा दिली. अमिरातीने 5 ऑगस्टला आपल्या रहिवाशांना घ्यायला सुरुवात केली, तीही अमिरातीतच लस घेतलेल्यांना. सौदीनेही ऑगस्टअखेर हेच केलं: दोन्ही डोस सौदीत घेऊन गेलेल्यांनाच थेट परत. म्हणजे गावच्या आरोग्य केंद्रात रांग लावून लस घेतलेला माणूस मागेच. 12 सप्टेंबरला अमिरातीने जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशी चालतील असं सांगितलं, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांनाही. कोविशील्डवाल्यांचं भागलं. कोव्हॅक्सिनला ती मान्यता 3 नोव्हेंबरला मिळाली.

भारताने स्वतः दिलेल्या सवलती थोडक्यात सांगतो, कारण त्या तुलनेने सरळ होत्या. इथे अडकलेल्या परदेशी नागरिकांचे व्हिसा विनाशुल्क वाढवले गेले. शेवटी तर अर्ज न करताच 30 सप्टेंबर 2021 पर्यंत वैध धरले. गुंता झाला तो भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा. मार्च 2020 मध्ये या कार्डावरचा प्रवास थांबवला. आई-वडील भारतीय, पण परदेशात जन्मलेलं तान्हं मूल ओसीआयवालं, अशी कुटुंबं, परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या पहिल्या विमानांत चढू शकली नाहीत. 22 मेला अशा मुलांना आणि काही ठरावीक गटांना सूट मिळाली, बाकीच्यांना ऑक्टोबरमध्ये.

दर्यावर्दी माणसाचा प्रश्न याच्या उलटा. त्याला परत जायचं नव्हतं, उतरायचं होतं. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सलग अकरा महिन्यांच्या वर जहाजावर ठेवता येत नाही, पण बंदरं उतरू देत नव्हती. डिसेंबर 2020 च्या सुमारास जगभर सुमारे 4 लाख नाविक करार संपूनही जहाजांवरच होते. गुहागर-हर्णैकडची मर्चंट नेव्हीतली पोरं त्यांत होती. कागदपत्रांची मुदत इथेही वाढवली गेली, आणि त्या वाढीमुळेच कंपन्यांना माणूस जहाजावर आणखी महिनाभर ठेवायला सोपं गेलं, असं कोणी म्हटलं तर ते खोडता येणार नाही.

आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरातले नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार? 1950 च्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे मार्च 2020 मध्ये नेपाळने सीमा बंद केली तेव्हा वाढवायला मुदतच नव्हती. कुठल्याही परिपत्रकात त्यांचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. 1 ऑगस्टला मासेमारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा खलाशी नाहीत म्हणून नौका थांबल्या, तेव्हाच ही माणसं नाहीत हे लोकांच्या लक्षात आलं.

सवलती 2022 मध्ये एकेक करून संपल्या. त्यांतली एक गोष्ट मात्र कायद्यात राहिली. जानेवारी 2023 पासून अमिरातीत 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या रहिवाशाला कारण आणि पुरावा देऊन परत येण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी दंड आहे, जास्तीच्या दर 30 दिवसांना 100 दिरहम.