बाहुलीच्या पोटातला दिवा

गणपतीच्या देखाव्यात आणि पोरांच्या कपाटातल्या ॲक्शन फिगरच्या फळीवर हल्ली एकाच जातीचे दिवे दिसायला लागलेत. मुगाएवढा एलईडी आणि त्याला केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. सेल नाही, वायर नाही. यूएसबीवर चालणाऱ्या चकतीवर ठेवला की पेटतो, उचलला की विझतो.

बाहुलीला उजेड देणं कोकणाला नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवत आले. पुढे पडदा, मागे दिवा. चामड्याला पाडलेल्या भोकांतून आणि रंगांतून उजेड आरपार येतो. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. छोट्या देखाव्याला म्हणतात तो ‘डायोरामा’ हा शब्द ज्याच्यावरून आला, तो पॅरिसमधला खेळही बराचसा असाच होता. १८२२ साली लुई दागेर यांनी तो सुरू केला. भल्यामोठ्या कापडावर चित्र काढायचं आणि पुढून-मागून उजेड बदलत दिवसाची रात्र करायची. १८३९ मध्ये ती इमारत आगीत गेली.

आगीची धास्ती आपल्या मखरालाही होतीच. वीज आल्यावर तोरणं आली. सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागोमाग जोडले की घरचे २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. पण एक गेला की अख्खी माळ काळोखात, आणि आरती तोंडावर आलेली असताना कोणीतरी स्टुलावर चढून एकेक बल्ब हलवत बसलेला. त्यात बल्ब तापायचा. थर्माकोलच्या डोंगराला टेकला की तिथे खळगा पडायचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तोवर असे खळगे झाकायला आम्ही किती कापूस लावला असेल!

न तापणारा दिवा दिला तो एलईडीने. निक होलोनियाक यांनी १९६२ साली डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी केला. पांढरा मात्र अडून राहिला, कारण त्याला निळा लागतो. निळ्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारी पूड, चढवला की उजेड पांढरा दिसतो. तेजस्वी निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. लाल दिव्याला साधारण दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणून तीन व्होल्टचा बटन सेल बाहुलीच्या पोटात बसला. पण सेल बदलायचा तर राक्षसाची पाठ उघडा! शिवाय आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवं चढतं.

वेटोळ्याची युक्ती याहून कितीतरी जुनी. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उठते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं. चकतीतलं वेटोळं तेच करतं, फक्त सेकंदाला लाखाहून अधिक वेळा. बिनवायरचा म्हणतात खरा, पण वायर गेलेली नाही, पाटाखाली गेलीय. आणि हा उजेड चार-सहा सेंटिमीटरच्या पुढे फारसा चढत नाही. मावळ्याच्या हातातली मशाल पेटते, बुरुजावरच्या तोफेजवळचा दिवा मिणमिणतो. दिव्याचं वेटोळं आडवं ठेवलं तर ठीक, उभं केलं की तोही गप्प.

गेल्या गणपतीत माटवीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, बंदराचा देखावा केला होता. चकतीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर होड्या, प्रत्येक होडीत एक दिवा. चाचणीला सगळे लखलखले. मग भाच्याने हौसेने पुठ्ठ्यावर पाणी म्हणून ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद चिकटवला आणि एकही होडी पेटेना. केबल बदलली, ॲडॉप्टर बदलला, काही नाही. शेवटी कागदावर हात ठेवला तर तो कोमट. धातूच्या त्या पातळ पापुद्र्यातच प्रवाह गोल फिरत होता आणि वरच्या वेटोळ्यांपर्यंत काही पोचत नव्हतं. कागद खरवडून काढला, निळा जिलेटीन पेपर पसरला. भाच्याचं म्हणणं, समुद्र आधीचाच बरा दिसत होता.