दुआ, भीती आणि मेंदूतली दुसरी नोंद

‘झालं गेलं विसरून जा.’ हा सल्ला आपण किती सहज देतो! युद्धातून, अत्याचारातून वाचलेल्या माणसाला मात्र तो उलटाच पडतो. आठवण जितकी टाळावी, तितकी ती भयंकर होत जाते.

कारण मेंदूत आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची नोंद ठेवतो: दार आपटलं म्हणजे गोळीबार. ही नोंद सहसा पुसली जात नाही. पण माणूस सुरक्षित जागी बसून तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगतो आणि काहीच वाईट घडत नाही, तेव्हा मेंदू शेजारी दुसरी नोंद करतो: दार आपटलं, तरी आता धोका नाही. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. याला विलोपन म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना इशाऱ्यानंतर खाणं मिळायचं, म्हणून नुसत्या इशाऱ्यालाही त्यांची लाळ गळायची. खाणं थांबवल्यावर ती बंद झाली, तरी काही काळानं इशाऱ्याला पुन्हा गळायची. म्हणजे जुनी नोंद शाबूत होती. म्हणूनच आठवणीला एकदा सामोरं जाऊन भागत नाही.

अमेरिकेत सिएटलच्या सोमाली समाजासोबत तयार झालेला ‘इस्लामिक ट्रॉमा हीलिंग’ हा उपक्रम नेमका यावर उभा आहे. सहा बैठका, त्याही मशिदीत, आणि चालवणारे समाजातलेच प्रशिक्षित लोक. आधी प्रेषितांवरच्या संकटांच्या कथांवर गटात बोलणं होतं. मग प्रत्येक जण आपली आठवण अल्लाहपुढे मांडतो. दवाखान्यात जे थेरपिस्टला सांगायचं, ते इथे दुआत, म्हणजे अल्लाहकडे केलेल्या प्रार्थनेत, सांगितलं जातं. मेंदूच्या दृष्टीने काम तेच.

आघाताची लक्षणं दिसली की ‘जिन लागला’ म्हणत ताईत बांधणारे, मारहाण करून जिन उतरवणारे आजही आहेत. हा रुग्णावर दुसरा आघात आहे. इ.स. 934 मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने तर भीती, राग, दुःख यांवर स्वतंत्र प्रकरणं लिहून विचारांनी करायचे उपाय सांगितले होते.

जिक्रचं, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणाचं, थोडं वेगळं आहे. ‘सुबहानल्लाह’ संथपणे म्हणताना उच्छ्वास लांबतो, व्हेगस मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो आणि जीव शांत होतो. पण आठवण डोकावताच तिला हाकलण्यासाठी बोटं तस्बीहच्या, म्हणजे जपमाळेच्या, मण्यांकडे धावत असतील, तर ते टाळणंच झालं. दुसरी नोंद व्हायची राहून जाते. आठवण शेवटपर्यंत सांगून झाल्यावर तीच तस्बीह हाती घेतली, तर मात्र खुशाल घ्यावी.