विद्यार्थी सामाजिक संस्थेच्या कार्यकारिणीवर येताना: पात्रता, कागदपत्रं आणि फेरफार अर्ज

शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्ज मार्गी लावणं, वसतिगृहातल्या मुलामुलींच्या तक्रारी समाजकल्याण कार्यालयापर्यंत नेणं, वस्तीत संविधानाचे वर्ग घेणं, अशी कामं करणाऱ्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यार्थी संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. जुन्या कागदांवर दुसऱ्याचं नाव 'मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम' असं दिसेल, कायदा तोच आहे. या दुहेरी नोंदणीमुळे कार्यकारिणीवर निवडून आलेली बीएच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनीही कायद्याच्या लेखी विश्वस्त ठरते. मानधन काही नाही, जबाबदारी मात्र पूर्ण.

निवड सभेच्या ठरावाने होते. बँक, देणगीदार आणि सरकारी खाती मात्र ठराव पाहून थांबत नाहीत, दुसरा कायदा राबवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा मागतात. त्या उताऱ्याला परिशिष्ट एक म्हणतात, बोलताना सगळे 'शेड्युल वन'. नवी नावं त्यावर चढवण्यासाठी जो अर्ज करायचा तो फेरफार अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट. विद्यार्थी संस्थांमध्ये कार्यकारिणी वर्षा-दोन वर्षांनी बदलते आणि तीन-चार वर्षांचे फेरफार अर्ज भरलेलेच नसतात. मग उताऱ्यावर अजून संस्थापकांचीच नावं असतात आणि त्यातले निम्मे परगावी नोकरीला गेलेले असतात. म्हणून होकार देण्याआधी परिशिष्ट एकची ताजी प्रमाणित प्रत मागा. त्यावरची शेवटची नोंद कोणत्या सालची आहे ते पाहिलंत की संस्थेची तब्येत कळते.

पात्रता

वय १८ पूर्ण हवं. अकरावी-बारावीतल्यांना स्वयंसेवक किंवा निमंत्रित म्हणून घेता येतं, पण विश्वस्तांच्या यादीत त्यांचं नाव घालू नये. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, कारण त्या कारणावरून धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला काढू शकतात.

बाकीच्या अटी संस्थेच्या घटनेत असतात. किमान किती महिने सभासद असायला हवं, सध्या विद्यार्थी असण्याची अट आहे का, एका घरातले दोघे चालतात का, सलग किती मुदती चालतात, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रत प्रमाणितच घ्या. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जुनी, दुरुस्तीआधीची घटना फिरत असते आणि निवडणूक तिच्यानुसार झाली की सगळंच फसतं.

वर्गणी हा बारीक पण घातक मुद्दा आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मताचा अधिकार नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. वर्गणी वर्षाला पन्नास रुपये असली तरी पावती हवी. उमेदवाराचीच पावती नसणं हे विरोधी गटाचं आवडतं हत्यार आहे.

संस्थेकडून शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप घेत असाल तर ते आधी सांगा. आयकर कायद्यात विश्वस्त आणि त्याचे नातेवाईक हितसंबंधी व्यक्ती धरले जातात. त्यांना संस्थेच्या पैशातून लाभ दिला तर संस्थेची करसवलत अडचणीत येते. साधा मार्ग म्हणजे पद किंवा लाभ यातलं एक निवडणं. सल्लागार म्हणून येणाऱ्या सरकारी सेवेतल्या प्राध्यापकांनी आपल्या खात्याची लेखी परवानगी आणावी.

सभा

फेरफार अर्ज फेटाळले जातात ते बहुतेकदा सभेतल्या चुकांमुळे. नोटीस कोणी काढली इथून तपासणी सुरू होते. घटनेत तो अधिकार सचिवाला असेल आणि नोटीस उत्साही उपाध्यक्षाने काढली असेल, तर पुढची बिनविरोध निवडही टिकत नाही.

नोटिशीची मुदत 'स्पष्ट दिवसां'त मोजतात, म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. घटनेत १५ स्पष्ट दिवस असतील आणि नोटीस १ जुलैला गेली असेल, तर सभा लवकरात लवकर १७ जुलैला. १५ तारखेचा रविवार सोयीचा म्हणून गाठला की हरकतीला आयतं निमित्त मिळतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली नोटीस बहुतेक घटनांत पुरेशी धरलेली नाही. टपालाच्या पावत्या किंवा नोटीस वहीवर प्रत्येक सभासदाची तारखेसह पोच हवी.

गणपूर्तीचं गणितही कागदावर मांडा. पात्र सभासद ६४ आणि गणपूर्ती एक तृतीयांश असेल तर २२ जण लागतात, २१ नाही. त्या २२ मधला एक जण थकबाकीदार निघाला की गणपूर्ती मोडली. सभा तहकूब करून अर्ध्या तासाने घ्यायची सोय घटनेत असली तरी तहकुबीची वेळ आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ इतिवृत्तात दोन्ही लिहावी लागतात.

हजेरी इतिवृत्ताच्या वहीतच घ्यावी, सुट्या कागदावर नाही. ठरावात 'नवी कार्यकारिणी सर्वानुमते निवडली' एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पद, मुदत कधीपासून कधीपर्यंत, सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. शेवटी अध्यक्षांची सही. तीन महिन्यांनी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली वही अनुभवी निरीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

मुदतीच्या मध्येच एखादी जागा रिकामी झाली तर घटनेत तरतूद असल्यास कार्यकारिणी उरलेल्या काळासाठी कोणाला तरी स्वीकृत करून घेऊ शकते. त्यासाठीही फेरफार अर्ज लागतो. निमंत्रित सदस्यांसाठी लागत नाही.

कागदपत्रं

नव्या सदस्याने स्वतः द्यायची कागदपत्रं थोडी आहेत:

- स्वतःच्या सहीचं संमतीपत्र, पदाचं नाव आणि तारखेसह
- आधार आणि पॅन यांच्या स्वसाक्षांकित प्रती
- कायमच्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो
- वर्गणीची पावती

पत्ता वसतिगृहाचा देऊ नका. नोटिसा त्याच पत्त्यावर येतात आणि खोली सुटली की त्या परत जातात. नावाची जुळणी आजच पाहून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं आणि पॅनवर आद्याक्षरं, असं असेल तर ठरावात आधारप्रमाणे नाव लिहा आणि फरकासाठी प्रतिज्ञापत्र जोडा.

संस्थेकडून लागतात: परिशिष्ट एकची प्रत, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, घटना, सभेची नोटीस व पोच, हजेरी आणि ठराव यांच्या खऱ्या प्रती, सभासद यादी, आणि पायउतार झालेल्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याचा उल्लेख. मयत विश्वस्त असेल तर मृत्यूचा दाखला. मावळत्या सदस्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं बंधनकारक नसली तरी मिळवाच. त्यामुळे अर्जाचं काम निम्म्याने हलकं होतं. निरोप समारंभाच्या दिवशी सह्या मिळतात, बंगळुरूला गेलेल्या माणसाकडून सहा महिन्यांनी मिळत नाहीत.

अर्ज आणि मुदती

बदल झाल्यापासून ९० दिवसांत, १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली, परिशिष्ट तीनच्या नमुन्यात फेरफार अर्ज द्यायचा. १७ जुलैला निवड झाली तर ९० वा दिवस १५ ऑक्टोबर. परीक्षा, गणपती, नवरात्र धरलं तर हाताशी उरतो महिनाभर. अर्जावर रिपोर्टिंग ट्रस्टीची, म्हणजे बदल कळवणाऱ्या विश्वस्ताची, सही आणि पडताळणी असते. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर माहिती भरून कागद संबंधित जिल्ह्याच्या सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. मुख्यालय मुंबईत वरळीला आहे, पण फेरफारासाठी तिथे जायची गरज नाही.

१८६० च्या कायद्याखाली वेगळी वार्षिक यादीही असते. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची नावं, पत्ते आणि व्यवसाय संस्था निबंधकांकडे द्यायचे. ही यादी फेरफार अर्जाला पर्याय नाही. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत असली की लोक एकच कागद देऊन निश्चिंत होतात, चूक तिथेच होते.

९० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. त्यात खरं कारण तारखांसह लिहा. 'माहिती नसल्यामुळे' या कारणाला फारसं वजन नसतं. विलंब माफ करताना खर्चाची रक्कम भरायला लावली जाते.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातील बदल १५ कामकाजी दिवसांत तात्पुरता मान्य करून ३० दिवसांची हरकतींची नोटीस काढण्याची सोय झाली. हरकत आली नाही तर आदेश अंतिम. आली तर चौकशी, तीही तीन महिन्यांत व्हावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे गृहीत धरूनच कामाची आखणी करा.

आधीच्या वर्षांचे अर्ज प्रलंबित असतील तर ते क्रमाने लावावे लागतात. २०२१ ची कार्यकारिणी नोंदली नसेल तर २०२३ च्या सभेची नोटीस काढणारा सचिव कोण, हा प्रश्न उभा राहतोच. साखळी तुटलेली असेल तर वकील लावण्यात कमीपणा नाही.

नोंद झाल्यावर

आदेशाची आणि नव्या परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत एकाच वेळी मागा, किमान तीन. एक बँकेसाठी, एक लेखापरीक्षकासाठी, एक कपाटात. बँकेत सह्या बदलताना ठराव, नव्या सह्या करणाऱ्यांची केवायसी आणि ही प्रत लागते. एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी पोर्टल) आणि आयकर पोर्टलवरचे पदाधिकारीही बदला. आयकर पोर्टलचे ओटीपी बहुतेक वेळा माजी अध्यक्षाच्या मोबाइलवर जात असतात. परदेशी देणग्यांची नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याचं कळवणारा एफसी-६ई अर्ज ४५ दिवसांत, आणि त्यासाठी पदाधिकाऱ्यांचं आधार सक्तीचं.

पहिल्याच वर्षी ज्यात पाय अडकतो ती गोष्ट पैशाची. शिबिराच्या बसचे बारा हजार कोषाध्यक्षाने स्वतःच्या खिशातून भरले आणि हिशेबात 'अमुक यांच्याकडून हातउसने' असं लिहिलं गेलं, तर ते संस्थेने घेतलेलं कर्ज दिसतं. कर्जाला १९५० च्या कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आगाऊ रक्कम संस्थेच्या खात्यातून घ्या, ते जमलं नाही तर बिल संस्थेच्या नावाने घेऊन खर्चाची प्रतिपूर्ती ठरावाने करा. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयाकडे जायला हवा.

संस्था कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखाली नोंदलेली ना-नफा कंपनी, असेल तर यातलं बरंच लागू होत नाही. तिथे डिजिटल सही आणि संचालक ओळख क्रमांक घ्यावा लागतो, डीआयआर-२ नमुन्यात संमती द्यायची आणि कंपनीने डीआयआर-१२ हा नियुक्ती कळवणारा अर्ज नियुक्तीपासून ३० दिवसांत भरायचा.

शिक्षण संपून गाव सोडताना राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, आणि तो मंजूर झालेल्या ठरावाची प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्यांनी फेरफार अर्ज भरला नाही तर नोंदवहीत तुमचंच नाव राहतं आणि कार्यालयाची नोटीस तुमच्या गावच्या पत्त्यावर येते.