चवदार तळे (महाड)

रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील महाड शहराचे जुने तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहामुळे ते सर्वपरिचित आहे. त्यावरील दिवाणी दावा पुढे दहा वर्षे चालला आणि तळ्याची रचना, काठ व भोवतालची वस्ती हाच त्यातील महत्त्वाचा पुरावा ठरला, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

स्वरूप व काळ : तळे कोणी खोदले किंवा बांधले, याचा पुरावा नाही. ते निदान अडीचशे वर्षांचे असावे, हे खटल्यात मान्य झाले होते; त्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस ते अस्तित्वात होते, एवढेच म्हणता येते. बहुतांशी नैसर्गिक खोलगट जागा, काही भाग कृत्रिम, पावसाचे पाणी आणि थोडे झरे, असे त्याचे वर्णन निकालपत्रात येते. क्षेत्र चार ते पाच एकर. चहूबाजूंना नगरपालिकेचे रस्ते व त्यांपलीकडे सवर्णांची आणि मोजक्या मुसलमानांची घरे होती. काठालगतच्या जमिनीच्या पट्ट्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या व बांधीव काठ बऱ्याच ठिकाणी याच घरमालकांचे. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नव्हते. थोडक्यात, पाणी गावाचे आणि पायरी खासगी, अशी स्थिती होती.

सत्याग्रह : सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली करावीत असे ठरविले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. व्यवहारात फरक पडला नाही. १९२७ च्या मार्चमधील परिषदेला आलेल्यांची संख्या अडीच-तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितली जाते. परिषदेनंतर लोक बाजारातून तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि गोमूत्र, शेण, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. (चार-पाच एकर पाण्याला १०८ घागरी!) ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळे तेव्हा तळ्यावर जाणे तहकूब झाले.

दावा : तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, असे वादींचे, म्हणजे आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावणाऱ्या महाडच्या सवर्णांचे, म्हणणे होते. मालकी टिकली नाही. प्रश्न उरला तो अनादी वहिवाटीचा, म्हणजे जिचा आरंभ कोणालाच ठाऊक नाही अशा जुन्या प्रथेचा. वहिवाट दीर्घकाळ चालत आली एवढे पुरत नाही, ती कायद्याच्या अर्थाने अनादी असावी लागते, हा मुद्दा निर्णायक ठरला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे अपील व अखेर मुंबई उच्च न्यायालय (१७ मार्च १९३७) येथे वादी हरले. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी त्याचे पाणी फक्त स्वतःकडे राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल हे संशयास्पद आहे, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी नोंदविले. मुसलमानांना मोकळे असलेले तळे केवळ अस्पृश्यांना बंद असण्याची प्रथा शास्त्रोक्त व प्राचीन मानणाऱ्या मतापेक्षा हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते : बंदीचा उगम वस्तीच्या मांडणीतही शोधावा लागतो.

उत्तरकाळ : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्व जनतेसाठी नेमलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातिभेदास मनाई आहे. स्नानघाट हा शब्द तेथे तलावाहून वेगळा घातलेला आहे; म्हणजे पाण्याबरोबर त्यात उतरण्याच्या पायरीचाही विचार तेथे आहे. महाडच्या तळ्याला आज बांधीव पायऱ्या आहेत, आवारात आंबेडकरांचा पुतळा आहे आणि दरवर्षी २० मार्चला येथे मोठी गर्दी होते.