ड्रॅगनस्वार

ड्रॅगन या पंखधारी, अग्निमुखी काल्पनिक प्राण्याशी मनाने जोडली गेलेली आणि त्याच्या पाठीवरून युद्धात उतरणारी व्यक्ती; अद्भुतरम्य कथासाहित्यातील एक कथाबंध. ‘घोडेस्वार’ या शब्दाच्या धर्तीवर हा शब्द बनतो, पण त्याने एक गैरसमज होऊ शकतो. घोड्याची निवड स्वार करतो. येथे बहुधा ड्रॅगन स्वाराला निवडतो आणि नाकारतोही.

या कथाबंधाचा उगम किती मागे न्यावा याविषयी एकमत नाही. काहीजण तो ग्रीक कथांतील मीडिया या जादूगारिणीच्या सर्परथापर्यंत नेतात. तथापि युरिपिडीझच्या ‘मीडिया’ (इ. स. पू. ४३१) या नाटकाच्या संहितेत सूर्याने दिलेल्या रथाचाच उल्लेख येतो, तो सर्प ओढत असल्याचे चित्र दक्षिण इटलीतील सुमारे इ. स. पू. ४०० च्या मृत्पात्रावर आढळते. शिवाय तेथे सर्प केवळ जुंपलेले आहेत, त्यांच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. या दृष्टीने महाभारताच्या आदिपर्वातील गरुडकथा अधिक जवळची वाटते. गरुड विष्णूकडे त्याच्याहून उंच स्थान मागतो, विष्णू त्याला आपले वाहन होण्याचा वर मागतो, आणि म्हणून गरुड वाहनही होतो व ध्वजावरही बसतो. अर्थात हे साम्य आहे, उगम नव्हे.

आधुनिक रूपाबाबत दोन अमेरिकन लेखकांची नावे पुढे येतात. जॅक व्हान्स (१९१६–२०१३) यांच्या ‘द ड्रॅगन मास्टर्स’ (१९६२) या लघुकादंबरीत माणसांनी पैदास केलेले ड्रॅगन रणांगणात उतरतात, पण ते हुकुमाचे धनी नसून ताबेदार आहेत. अ‍ॅन मॅकॅफ्री (१९२६–२०११) यांची ‘वेअर सर्च’ ही लघुकादंबरी ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात आली आणि १९६८ मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. कथालेखनासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. कालक्रमाने व्हान्स आधीचे असले तरी मनोबंध हे ड्रॅगनस्वाराचे व्यवच्छेदक लक्षण मानल्यास श्रेय मॅकॅफ्री यांच्याकडेच जाते, आणि तेच अधिक सयुक्तिक आहे.

मॅकॅफ्रींच्या पर्न या ग्रहावर अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू जमलेल्या तरुणांतून एकाकडे लडखडत जाते व त्या क्षणी दोघांची मने कायमची जोडली जातात. या घटनेला ‘इम्प्रेशन’ असे नाव आहे. ड्रॅगनची आग तेथे जादूने येत नाही. तो विशिष्ट दगड चावून गिळतो आणि पोटात तयार झालेला ज्वालाग्राही वायू हवेत येताच पेटतो. युद्धही माणसांशी नसून आकाशातून पडणाऱ्या, सजीव ते सारे खाऊन टाकणाऱ्या तंतूंशी आहे. प्रेमकथेच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली कल्पना निराळीच आहे. रामोथ ही सोनेरी राणी-ड्रॅगन मिलनासाठी उड्डाण करते आणि नेमेंथ हा कांस्यवर्णी ड्रॅगन तिला गाठतो, तेव्हा त्यांच्या आवेगासोबत लेसा व फ्लार हे स्वारही ओढले जातात. त्या दोघांच्या इच्छेला यात कितीसा वाव उरतो, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

पुढील काळात नेओमी नॉव्हिक यांनी ड्रॅगन नेपोलियनकालीन युद्धांत आणले (२००६ पासून), तर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वारीचा हक्क राजवंशाच्या रक्ताशी जोडला.

रेबेका यारोस यांच्या ‘एम्पिरियन’ मालिकेने (‘फोर्थ विंग’ व ‘आयर्न फ्लेम’, २०२३, ‘ऑनिक्स स्टॉर्म’, २०२५) मॅकॅफ्रींची जुनी कल्पना प्रणयकथेच्या केंद्रस्थानी आणली. लेखनिक होऊ इच्छिणाऱ्या, सांधे सहज निखळणाऱ्या व्हायोलेट सॉरेनगेलला तिची सेनापती आई स्वारांच्या सैनिकी विद्यालयात धाडते. प्रवेशासाठी उंचावरील अरुंद, ओला दगडी कठडा चालत पार करायचा असतो. त्याआधी व्हायोलेट एका अनोळखी मुलीचे घसरते बूट पाहून आपला एक रबरी तळव्याचा बूट तिला देते आणि तिचा एक स्वतः घालते. पुढची घट्ट मैत्री तेथूनच सुरू होते. व्हायोलेटचा टेर्न आणि मृत्युदंड झालेल्या बंडखोराचा मुलगा झेडन याची स्गेल हे ड्रॅगन जोडीदार असतात व काही दिवसांपेक्षा अधिक काळ दूर राहू शकत नाहीत. त्यामुळे वैरी घराण्यांतील दोन स्वार एकमेकांना बांधले जातात. ड्रॅगनांचा आवेग येथेही स्वारांत झिरपतो, परंतु मनाभोवती कवच उभारून तो थोपवता येतो. हा बदल लहान दिसला तरी मोलाचा आहे, कारण त्यामुळे प्रेम हा पात्रांचा निर्णय ठरतो. ‘आयर्न फ्लेम’मध्ये वरिष्ठ अधिकारी हेच बंधन हत्यारासारखे वापरतात आणि व्हायोलेटची ठरलेली रजा अडवून धरतात.

मृत्यूचा नियमही महत्त्वाचा आहे. पर्नवर स्वार गेला की ड्रॅगन स्वतःला संपवतो. ‘एम्पिरियन’मध्ये ड्रॅगन मेला तर स्वार मरतो, उलट मात्र सहसा होत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी व्हायोलेटचा मित्र लिअम याचा ड्रॅगन पडतो तेव्हा लिअमला काही क्षणच उरतात, आणि त्याच लढाईत खरा शत्रू शेजारी राज्य नसून जमिनीतून जादू शोषणारे व्हेनिन आहेत, हे राज्याने दडवलेले सत्य उघड होते. दुसऱ्या भागात व्हायोलेटची आई राज्याचे रक्षण करणाऱ्या जादुई शिळेला स्वतःचा प्राण देते, तर व्हायोलेटला वाचवण्यासाठी झेडन जमिनीतून शक्ती ओढतो व स्वतःच व्हेनिन होऊ लागतो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तो बेपत्ता असतो, व्हायोलेटच्या बोटात अंगठी असते आणि विवाहाची आठवण तिच्याच सांगण्यावरून पुसलेली असते.