अयाहुआस्का: दोन वनस्पती आणि आतड्यातील एक विकर

पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातील इक्विटोस आणि पुकाल्पा या शहरांच्या आसपास गेल्या काही दशकांत अयाहुआस्काचा, म्हणजे डोळ्यांपुढे दृश्ये उभी करणारा, काढा पाजणारी अनेक केंद्रे उभी राहिली असून, त्यांच्या जाहिराती आता मराठी वाचकाच्या मोबाइलवरही येऊन पोहोचल्या आहेत. ‘संपूर्ण नैसर्गिक’, ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढणारे’, ‘हजारो वर्षांचे ज्ञान’ ही त्यांतली ठरलेली विशेषणे असतात. धोतराही संपूर्ण नैसर्गिकच असतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा या विधीत भाग घेणाऱ्याच्या वाट्याला काय येते आणि मुख्य म्हणजे ते का येते, हे जाहिरातीपेक्षा रसायनशास्त्राला विचारलेले बरे.

विधी बहुधा अंधार पडल्यावर सुरू होतो. पुकाल्पाकडच्या शिपिबो-कोनिबो लोकांच्या पद्धतीत तो मालोका नावाच्या, ताडाच्या पानांनी शाकारलेल्या मोठ्या झोपडीत चालतो. आत कडेने गाद्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक गादीशेजारी एक बादली ठेवलेली असते. विधी चालवणारा वैदू, म्हणजे कुरांदेरो, मापाचो या जहाल तंबाखूचा धूर काढ्यावर फुंकतो आणि एकेकाला जवळ बोलावून छोटा पेला हातात देतो. काढा तपकिरी, दाटसर आणि इतका कडू असतो की तो घशाखाली उतरवणे हेच अनेकांना जड जाते. मग दिवे मालवले जातात. 20 मिनिटांपासून तासाभरात मळमळ, जांभया, अंगावर शिरशिरी अशी सुरुवात होते. पाठोपाठ मिटलेल्या डोळ्यांपुढे जाळीदार, सरकत्या आकृत्या उमटू लागतात, आणि कुरांदेरोची ‘इकारो’ नावाची गाणी व त्याच्या हातातील पानांच्या जुडीची सळसळ त्या आकृत्यांना हलवते आहे असे वाटू लागते. पहिल्या दोन तासांत हा अनुभव शिगेला पोहोचतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. या काळात जुन्या आठवणी उसळून येणे, रडू फुटणे, आपण मरतो आहोत अशी भीती वाटणे हे सारे नेहमीचे आहे. बादली कशासाठी असते, हे तोवर कळलेले असते.

या काढ्यात साधारणपणे दोन वनस्पती असतात. एक आहे बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही जाडजूड वेल. रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने 1852 मध्ये ब्राझीलमध्ये तिचा आणि तिच्या काढ्याचा वापर पाहून तिची नोंद केली. दुसरी आहे चाक्रुना, म्हणजे कॉफीच्याच कुळातील एक झुडूप. वेल ठेचून तिच्यासोबत चाक्रुनाची पाने कित्येक तास उकळली जातात. चाक्रुनाच्या पानांत डायमिथिलट्रिप्टामिन, म्हणजे डीएमटी असते आणि दृश्ये दिसतात ती मुख्यतः त्याच्यामुळे. परंतु नुसत्या चाक्रुनाचा काढा कितीही प्यायला तरी फारसे काही घडत नाही. बुडापेस्टमधील स्टीफन सारा या संशोधकाने 1950 च्या दशकात डीएमटी आधी तोंडाने घेऊन पाहिले, तेव्हा त्याला काहीही जाणवले नाही. तेच द्रव्य स्नायूत टोचून घेतल्यावर मात्र काही मिनिटांतच दृश्ये सुरू झाली. एकच रेणू, एकच माणूस. फरक होता तो मार्गाचा.

तोंडाच्या मार्गावर, आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात, जुन्या जकात नाक्यासारखे एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते आणि तिथून डीएमटी सहसा सुटत नाही. त्या विकराचे नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज असे आहे. त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार असून आपल्याला येथे ‘ए’शी कर्तव्य आहे. हे विकर पेशीतील तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) बाहेरच्या पटलावर रोवलेले असते आणि त्याच्या पोकळीत जीवनसत्त्व बी-2 पासून बनलेला फ्लॅव्हिनचा तुकडा असतो. डीएमटीचा रेणू म्हणजे दोन जोडलेल्या कड्यांचा इंडोल, त्याला चिकटलेली दोन कार्बनांची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला दोन मिथिल गट धारण केलेला नायट्रोजन. रेणू पोकळीत शिरला की नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन फ्लॅव्हिन ओढून घेते. त्यामुळे कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध तयार होतो. पाण्याच्या रेणूपुढे हा बंध टिकत नाही, नायट्रोजन आपल्या मिथिल गटांसह सुटून जातो आणि मागे इंडोल ॲसिटाल्डिहाइड उरते. फ्लॅव्हिन आपल्याकडचा हायड्रोजन ऑक्सिजनला देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. उरलेल्या ॲल्डिहाइडचे दुसरे एक विकर आम्लात रूपांतर करते, आणि ते आम्ल म्हणजे इंडोल ॲसिटिक आम्ल. वनस्पतींच्या खोडाला प्रकाशाकडे वळवणारे संप्रेरक म्हणून शाळेत शिकलेले ऑक्झिन ते हेच. माणसाला विश्वदर्शन घडवणारा म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या रेणूचे आपले आतडे काही मिनिटांत झाडाचे संप्रेरक करून टाकते, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

वेलीचे काम येथे सुरू होते. तिच्यात हार्मिन, हार्मालिन आणि टेट्राहायड्रोहार्मिन ही तीन अल्कलॉइडे असतात. पहिली दोन ‘ए’ प्रकारच्या विकराला अत्यंत कमी मात्रेतही अडवतात. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी मानवी विकराची हार्मिनसह स्फटिकरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तीत सपाट, तीन कड्यांचा हार्मिनचा रेणू फ्लॅव्हिनसमोरच्या पोकळीत बसलेला आणि उरलेल्या जागेत पाण्याचे सात रेणू असे स्पष्ट दिसते. त्याला तोडण्याजोगी शेपटीच नसल्यामुळे विकर त्याचे काही करू शकत नाही, आणि तो तिथे आहे तोवर डीएमटीला जागा मिळत नाही. वेलीची अल्कलॉइडे आणि डीएमटी यांच्या जोडकामाची ही कल्पना होल्मस्टेट आणि लिंडग्रेन या संशोधकांनी 1967 मध्ये मांडली होती आणि 1984 मध्ये डेनिस मॅकेना व त्याचे सहकारी यांनी उंदरांच्या यकृतातील विकरावर प्रयोग करून तिला दुजोरा दिला. नुसते ओढलेले डीएमटी पाव तासात उतरते, पण काढ्याचा अंमल चार तास चालतो, याचेही कारण हेच आहे.

हार्मिन मुळात या वेलीतून नव्हे, तर हरमल या झुडपाच्या बियांतून 1840 च्या दशकात वेगळे केले गेले. काश्मीरपासून इराणपर्यंत याच बिया निखाऱ्यावर टाकून दृष्ट काढतात. धुराने डोळे झोंबतात, यापलीकडे नजरेवर त्याचा इलाज नाही, आणि बियांत एखादे प्रभावी रसायन असणे हा त्या समजुतीचा पुरावा होत नाही. ‘हजारो वर्षांच्या ज्ञाना’विषयी सांगायचे, तर नैर्ऋत्य बोलिव्हियातील एका गुहेत सापडलेल्या विधीच्या सामानात हार्मिन आणि डीएमटी या दोहोंचे अंश मिळाल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. ते सामान सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहे. आणि ही द्रव्ये एकत्र उकळून प्यायली जात होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता बादलीकडे वळू. वांतीने मनातील आणि शरीरातील विष बाहेर पडते असे केंद्रांत सांगितले जाते. शरीरातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा सुमारे नऊ दशांश साठा आतड्यात असतो आणि त्याचा निचरा करणारे विकरही तेच मोनोअमाइन ऑक्सिडेज. ते अडले की आतड्यात सेरोटोनिन वाढते, ते व्हेगस चेतेच्या टोकांवरील ग्राहींना चेतवते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून उलटीचा हुकूम सुटतो. केमोथेरपीच्या रुग्णाला होणारी उलटी बऱ्याच अंशी याच मार्गाने होते. उलटी झाल्यावर हलके वाटते हे खरे, परंतु बाहेर पडतो तो काढा आणि पोटातले अन्न.

विधीपूर्वीच्या पथ्याबाबत मात्र आधुनिक भक्तांची गंमत वाटते. जुने चीज, आंबवलेले पदार्थ यांतील टायरामिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्यही याच विकराकडून निकालात निघते, आणि विकर कायमचे निकामी करणाऱ्या जुन्या नैराश्यविरोधी गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब चीज खाल्ल्यावर धोकादायक रीतीने चढतो, हे 1963 मध्ये लंडनमध्ये ध्यानात आले. त्यावरून ‘आदिवासींना टायरामिन ठाऊक होते’ असा निष्कर्ष हिरिरीने काढला जातो. परंतु पारंपरिक पथ्यात मीठ, साखर, तिखट, डुकराचे मांस आणि शरीरसंबंधही वर्ज्य असतात, आणि मिठात टायरामिन नसते. शिवाय हार्मिनची पकड काही तासांत सुटते, त्यामुळे चीजचा धोका त्या जुन्या गोळ्यांइतका मोठा नाही. प्रत्येक रूढीखाली विज्ञान शोधण्याची ही खोड आपल्याला अनोळखी नाही.

खरा धोका औषधांच्या पाकिटात असतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या नैराश्यविरोधी गोळ्या चेतापेशींना सेरोटोनिन परत शोषू देत नाहीत. त्याच वेळी त्याचा निचराही अडवला, तर ते बेसुमार साठते: हातपाय थरथरतात, स्नायू झटके देतात, घाम फुटतो, ताप चढतो, भ्रम होतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. कॅलवे आणि ग्रोब या संशोधकांनी 1998 मध्येच हा इशारा दिला होता. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांचाही याच यादीत समावेश होतो. फ्लुओक्सेटिनचा अंश शरीरातून जायला सुमारे पाच आठवडे लागतात, आणि अशी औषधे विधीसाठी मनानेच बंद करणे हा वेगळा धोका आहे. ज्यांना किंवा ज्यांच्या निकटच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार आहे, ज्यांचे हृदय कमकुवत आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. काही ठिकाणी काढ्यात टोए, म्हणजे धोतऱ्याच्याच कुळातील ब्रुग्मान्सिया मिसळतात. त्यातील स्कोपोलामिनने भान पूर्ण हरपते, तेव्हा काढ्यात काय काय घातले आहे हे पिण्याआधी विचारलेच पाहिजे.

नैराश्यावरील उपयोगाचे म्हणाल, तर ब्राझीलमधील नाताल शहरात झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतर औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या 29 रुग्णांपैकी 14 जणांना अयाहुआस्का आणि 15 जणांना तसाच कडवट, पोटात ढवळेल असा खोटा काढा दिला होता. आठवड्यानंतर पहिल्या गटातील 64 टक्के आणि दुसऱ्या गटातील 27 टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. हे आशादायक आहे. पण 29 माणसांवरून उपचारपद्धती ठरत नाही, आणि ही चाचणी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नियंत्रित परिस्थितीत झाली होती, रात्रीच्या मालोकात नव्हे.

पेरूने 2008 मध्ये अयाहुआस्काच्या पारंपरिक वापराला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि ब्राझीलमध्ये धार्मिक वापराला परवानगी आहे. भारतात मात्र डीएमटी 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्यामुळे गोव्यात किंवा पुण्याजवळच्या एखाद्या फार्महाउसवर कुणी असा ‘विधी’ देऊ केला, तर तो काढा बाळगणाऱ्यालाही आणि पिणाऱ्यालाही हाच कायदा लागू होतो.